दहावीनंतरची चाळीस वर्षं, गावचं घर आणि बायकोची स्वेच्छानिवृत्ती

तुमचं पत्र लांब होतं, म्हणून इतरांसाठी त्याचा गोषवारा आधी देते. तुम्ही १९८४ चे दहावी, संगमेश्वर तालुक्यातल्या हायस्कुलातले. गुण चांगले होते, तरी वडिलांनी अकरावीला न पाठवता रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला घातलं. १९८८ पासून पिंपरी-चिंचवडच्या एकाच कंपनीत आहात. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण होतील आणि निवृत्ती. बाकावरचा मित्र बारावी करून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात गेला, तो आज अमेरिकेत आहे. वर्गाचं स्नेहसंमेलन झाल्यापासून तुम्हाला नीट झोप नाही. करिअर फसलं, लग्न पत्रिका बघून झालं आणि आता दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नाही, निदान निवृत्ती तरी मनासारखी व्हावी म्हणून गावी घर बांधायचं ठरवलंय. पत्नी अनुदानित शाळेत शिक्षिका आहेत, त्यांची चार वर्षं शिल्लक आहेत. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन सोबत यावं असं तुम्हाला वाटतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, मी सुट्टीत येत जाईन." आणि तुम्ही विचारताय, आयुष्यात नेमकं चुकलं कुठे?

मी कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात नोकरी केली आणि पुढे बरीच वर्षं निवृत्तीपूर्व शिबिरं घेतली. तुमच्यासारखी माणसं माझ्यासमोर खूप बसली आहेत. त्या जोरावर सांगते, कुठे चुकलं हा तुमचा प्रश्न नाही. नोकरीत जे मिळालं नाही त्याची भरपाई तुम्ही निवृत्तीकडून मागताय आणि त्या भरपाईचे हप्ते बायकोने भरावेत अशी तुमची अपेक्षा आहे. हे कानाला कडू लागेल, पण बाकीचं सगळं यावरच अवलंबून आहे.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमची तब्येत, मुलं मार्गी लागली आहेत का, जागा नेमकी कोणाच्या नावावर आहे, आणि बाईंची शाळा १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शंभर टक्के अनुदानावर आलेली होती का. (शिक्षिका आहेत, म्हणून मी त्यांना बाईच म्हणते.) या शेवटच्या गोष्टीवरून जुनी पेन्शन की नवी हे ठरतं आणि त्यावरून तुमचं सगळं गणित बदलू शकतं. जुनी पेन्शन लागू आहे असं धरून लिहिते.

आधी करिअर. पत्रात एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात, की वडील मुंबईला गिरणीत होते. मी तिथेच थांबले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. कोकणातली किती गावं गिरणीच्या मनीऑर्डरवर जगत होती हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तुमची दहावी झाली तेव्हा त्या घरात दोन वर्षं पगार नव्हता, किंवा असला तर भरवशाचा नव्हता. अशा बापासमोर दोन वाटा होत्या. एक, तीन वर्षांत हाताशी येणारा आणि सरकारी फीमध्ये होणारा डिप्लोमा. दुसरी, दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज, मग चार वर्षं डिग्री, आणि सरकारी कॉलेजात नंबर नाही लागला तर देणगी. वसंतदादा पाटलांनी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली ती १९८३ मध्ये. म्हणजे तुमच्या दहावीच्या वेळी ती कॉलेजं जेमतेम वर्षाची होती. तिथली डिग्री पुढे चालेल की नाही, हे तेव्हा छातीठोकपणे कोण सांगणार होतं?

तुमच्या मित्राचे वडील बाजारपेठेतले व्यापारी होते, असंही तुम्हीच लिहिलंय. त्यांनी जोखीम घेतली, कारण पैसे बुडाले असते तरी त्यांच्या घरची चूल पेटणार होती. १९९१ ला अर्थव्यवस्था खुली होईल, कॉम्प्युटरवाल्यांना परदेशी मागणी येईल, हे ना त्या व्यापाऱ्याला माहीत होतं ना तुमच्या वडिलांना. निर्णय कसा होता हे तो घेताना हातात काय होतं त्यावरून ठरवावं. पुढे काय झालं त्यावरून ठरवायला गेलात तर लॉटरी लागलेला प्रत्येक जण हुशार ठरेल. तुमच्या वडिलांनी हातात होतं त्यात अगदी चोख निर्णय घेतला. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. त्या काळात पर्सोनेलच्या टेबलावर गिरणी कामगारांच्या मुलांचे अर्ज मी पाहिले आहेत, आणि ज्यांच्याकडे डिप्लोमा किंवा आयटीआय होतं त्यांनाच आम्ही बोलावू शकत होतो.

आणखी एक. २००० च्या आगेमागे आपल्या पट्ट्यात कंपन्यांनी व्हीआरएस आणली ते आठवत असेल. माणसं एकरकमी पैसे घेऊन बाहेर पडली. कुणी रिक्षा घेतली, कुणी एसटीडी-पीसीओ टाकला, आणि काही वर्षांत मोबाईल आला. त्यातले किती जण तुमच्या स्नेहसंमेलनात होते? माझा अनुभव असा की अशा संमेलनांना येतात ते दाखवण्यासारखं काही असलेले, किंवा ज्यांना दाखवण्या-न दाखवण्याची फिकीर राहिली नाही असे. मधले येत नाहीत. तुम्ही स्वतःला मोजताय ते निवडक हजेरीपटाशी.

आणि मुली? मी १९७५ च्या बॅचची, म्हणजे दहावीच्या पहिल्या बोर्डाची. त्याच वर्षी जुन्या अकरावीची मुलंही एसएससीला बसली होती आणि कॉलेजात जागेसाठी मारामारी झाली होती. आमचा ग्रुप जमवताना मुलगे आठवड्यात सापडले. मुली शोधायला महिने गेले, कारण नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. एक तर तिच्या धाकट्या भावाच्या दुकानावर चौकशी करून सापडली. वर्गात पहिली येणारी ती, बारावीच्या आधी लग्न झालेलं. करिअर चुकलं का, असं तिला कुणी विचारलंही नाही. तुम्ही चुकीची शाखा निवडल्याचं दुःख करताय, तर निवडायलाच न मिळालेला अर्धा वर्ग लक्षात असू द्या. तुमचं दुःख कमी लेखत नाही, त्याचं माप कळावं एवढंच.

तरीही झोप लागत नाही हे खरं, आणि त्यात विचित्र काही नाही. उतारवयात माणूस आपलं आयुष्य आपणहून पुन्हा चाळू लागतो, हे रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. तोवर डॉक्टर त्याला म्हातारपणची बडबड समजायचे. बटलर म्हणाले, हे स्वाभाविक आहे, बरेचदा उपयोगीही आहे, पण काहींना त्यातून खोल उदासीही येते. तुमची झोप महिनोन् महिने गेली असेल, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. निवृत्तीच्या आधीच्या वर्षात हे पुरुषांना होतं आणि ते सांगत नाहीत.

आता लग्न. बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला शंका आहे की बोलायला वेळच नव्हता. तुम्ही पाळीत काम केलंत. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. बाईंची शाळा अकरा ते पाच. तुम्ही रात्रपाळीहून येऊन झोपणार, त्या डबा भरून निघणार. दुसरी पाळी असली की तुम्ही घरी पोचेपर्यंत मुलं आणि त्या झोपलेल्या. अशा घरात पंचवीस वर्षं बोलणं काय होतं? किल्ली शेजारी ठेवलीय, सिलिंडर नोंदवलाय, मोठ्याला ताप आहे. हे संबंध आटल्याचं लक्षण मानू नका. संसार चालवायचा असला की भाषा अशीच कामापुरती होते.

शिबिरात मी नवरा-बायको दोघांना बोलवायचे. कंपन्या आधी कुरकुर करायच्या, दोघांचं जेवण का द्यायचं म्हणून. दोघांना वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगायचे, की लग्नानंतरची पाच-सहा वळणं लिहा, साल लिहा, तेव्हा निर्णय कोणी घेतला ते लिहा, आणि दुसरी वाट कोणती होती तेही लिहा. एकमेकांचं बघायचं नाही. मग कागद शेजारी ठेवायचे. पुरुषांच्या कागदावर बहुतेक वेळा नोकरीत कायम झालो, फ्लॅट बुक केला, सुपरवायझर झालो, मुलाचं ॲडमिशन. बायकांच्या कागदावर सासूबाई अंथरुणाला खिळल्या ते वर्ष, पाळणाघर बंद पडलं ते वर्ष, माहेरचं माणूस गेलं आणि जाता आलं नाही ते वर्ष.

एका जोडप्याचं सांगते. त्यांच्या कागदांवर एकच साल आलं, १९९६. नवऱ्याने लिहिलं होतं, चिंचवडला फ्लॅटचं बुकिंग. बायकोने लिहिलं होतं, शिक्षिका म्हणून नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांकडून वैयक्तिक मान्यता मिळाली. त्यासाठी त्या किती खेटे घालत होत्या हे नवऱ्याला ठाऊकच नव्हतं, आणि कर्जाला बँकेने त्यांचाच पगार धरला होता हे तो विसरला होता. त्या दिवशी ते दोघं जेवणाच्या सुट्टीत वाद घालत बसले. पण बोलत होते. तुम्हीही हा कागद करा. पत्रातल्या सगळ्या वाक्यांचा कर्ता "मी" आहे, बाईंचं मत मला कुठे दिसलं नाही. ठरवून झालेलं लग्न म्हणजे त्यांच्यासाठीही ठरवून झालेलंच होतं. त्यांनी तुम्हाला किती पसंत केलं होतं, हे तरी कधी विचारलंय का?

इथवरचं एवढंच, की शाखेचा निर्णय त्या परिस्थितीत बरोबर होता, तो पुन्हा उकरू नका. आणि लग्नाबद्दल निकाल देण्याआधी दुसऱ्या बाजूची साक्ष काढा. आता पैसा आणि घर, जिथे खरी गडबड होण्याचा धोका आहे.

तुमची पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची. योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. सूत्र असं, पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये, त्याआधी ६,५०० आणि त्याहूनही कमी. तुम्ही वाढीव पगारावरच्या पेन्शनचा पर्याय भरला नसेल, तर तुमचा आकडा महिना पाच हजारांच्या आतबाहेर येईल. त्यावर महागाई भत्ता नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी एकदाच हातात येणार. बाईंची पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी, वर महागाई भत्ता, आणि तो वाढत राहणार. म्हणजे निवृत्तीनंतर तुमच्या घराचा कणा त्यांची पेन्शन आहे. ती तुमच्या पेन्शनच्या कितीतरी पट असेल. ज्या घरात आजवर तुमचा पगार मोठा मानला गेला, तिथे हे बोलायला पुरुषांना जड जातं. म्हणून मीच स्पष्ट लिहिते.

आता त्यांनी चार वर्षं आधी बाहेर पडायचं म्हणजे काय? वीस वर्षांची सेवा झाली आहे, तीन महिन्यांची नोटीस देऊन त्या स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकतात, नियमात बसतं. पण चार वर्षांचा पूर्ण पगार गेला, आणि वर्षाला ३ टक्क्यांच्या चार वेतनवाढी गेल्या. त्या वाढी शेवटच्या मूळ वेतनात नसल्याने पेन्शन कायमची खाली बसते, महागाई भत्ताही त्या खालच्या आकड्यावरच. हे नुकसान चार वर्षांचं नाही, त्यांच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याचं आहे. आणि बायका सहसा नवऱ्यापेक्षा जास्त जगतात, हे पर्सोनेलच्या फॅमिली पेन्शनच्या फायली पाहिलेली बाई म्हणून सांगते. त्यामुळे "सोबत ये" या मागणीची किंमत त्या एकट्या मोजणार आहेत.

दुसरं, कंपनीची मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी निवृत्तीच्या दिवशी संपते. स्वतःची पॉलिसी अजून नोकरीत असतानाच घ्या, कारण जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं. निवृत्त झालेल्यांना त्यासाठी साठीपर्यंत थांबावं लागत नाही, पंचावन्ननंतर चालतं. मर्यादा ३० लाख. तुमच्या मनात मात्र ही रक्कम चिऱ्याच्या भिंतीत घालायची आहे. सगळी घालू नका.

आणि घर. तुमचं गाव तुमच्या आठवणीत कसं आहे ते पत्रातून दिसलं. वहाळ, आंबा, हायस्कुलाची वाट, मित्र. बाईंच्या आठवणीत ते गाव नाही, सासर आहे. गणपतीला तुम्ही गावी जाऊन भजनाला बसलात, तेव्हा पंचवीस माणसांचा स्वयंपाक कोण करत होतं? मागच्या दारी धुराच्या चुलीपाशी, ओल्या लाकडांवर? त्यांच्या चाळीस मैत्रिणी, शाळा, विद्यार्थी, डॉक्टर, बँक, भाजीवाला, सगळं चिंचवडला आहे. तुम्ही कंपनी सोडताय म्हणून तुम्हाला रिकामं वाटतं, त्यांचं जग अजून भरलेलं आहे. "मी सुट्टीत येत जाईन" हे मला नकारासारखं वाटलंच नाही. सासरी सुट्टी घालवायला तयार असलेली शिक्षिका! याहून चांगला प्रस्ताव तुम्हाला मिळायचा नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पहिलं वर्ष बांधकाम नाही. जुनं घर राहण्याजोगं असेल तर त्यात, नसेल तर शेजाऱ्याची खोली घेऊन जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकट्याने राहायचं. मे महिन्यातल्या कोकणावर घर बांधू नये. पावसात वीज किती तास जाते, रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण काढतं, माकडं परसात काय शिल्लक ठेवतात, हे चार महिन्यांत कळेल. बाकीचे महिने चिंचवडला, आणि तिथे घर तुम्ही चालवायचं. बाई अकराला जातील, पाचला येतील. पाच वाजता चहा तयार असला तर त्याला मदत म्हणू नका, तुमची पाळी म्हणा. छत्तीस वर्षं पाळीत काम केलेल्या माणसाला हे समजवावं लागू नये. ही चार वर्षं वाया जाणार म्हणून तुम्ही चडफडताय. मला तर ती फार सोयीची वाटतात. रोज सहा तास एकटेपणाची सवय, संध्याकाळी सांगायला काहीतरी, आणि दोघांनी एकदम घरात बसून एकमेकांवर खेकसण्याचा काळ टळतो. तो काळ मी खूप घरांत पाहिला आहे. बाईंना एसटीत अर्धं तिकीट मार्च २०२३ पासूनच आहे, तुम्हाला पासष्टाव्या वर्षापर्यंत थांबायचंय. तेव्हा ये-जा त्यांना स्वस्त पडेल, हेही धरा.

अमेरिकेतल्या मित्राला तुम्ही अजून एकदाही फोन केला नाही, नुसते त्याचे फोटो पाहिलेत. करा. करिअर विचारू नका, आई-वडिलांच्या शेवटच्या आजारपणात काय झालं ते विचारा. बरेच परदेशस्थ त्यावर तासभर बोलतात.

बांधायचंच ठरलं तर आधी सातबारा काढा, ऑनलाइन मिळतो. कोकणात एका उताऱ्यावर चुलते, चुलतभाऊ धरून वीस नावं असणं नवीन नाही. घराची जागा गावठाणात येते की शेतजमिनीत, यावर बांधकामाची परवानगी ठरेल. वडील गेले तेव्हा वारस म्हणून दोन्ही बहिणींची नावं लागली का तेही बघा. नावं लागली नसली तरी त्यांचा हक्क जात नाही, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीतही मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. "बहिणी काही म्हणणार नाहीत, हक्कसोड देतील" असं तुम्ही गृहीत धरलंय. त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात हे मात्र लिहिलं नाही. आधी एक फोन नुसता ख्यालीखुशालीचा करा. जमिनीचा विषय दुसऱ्या फोनला.